कामाच्या तासांची नोंद स्वतःकडे ठेवा
परदेशात नाहीतर परक्या शहरात फॅक्टरीत, साइटवर कामाला असाल तर एक करा, रोज झोपायच्या आधी दोन मिनिटं काढून लिहून ठेवा, किती वाजता आत गेलो, किती वाजता सुटलो, जेवणाची सुट्टी खरंच मिळाली का, त्या दिवशी सुपरवायझर कोण होता. पगाराचा वाद झाला की मालकाकडे त्याचं रजिस्टर असतं आणि आपल्याकडे काहीच नसतं, तिथेच माणूस अडकतो. रोजच्या रोज तारखेसकट लिहिलेली वही तक्रारीत कामाला येते, महिन्याभराने आठवून लिहिलेलं तेवढं टिकत नाही. पानांचे, पगाराच्या स्लिपचे, काँट्रॅक्टचे फोटो घरच्या माणसाला पाठवून ठेवा, कारण फोन हरवतो, कधी कधी काढूनही घेतात.

स्लिपमधली कपात पण बघा हं. नोकरी लावून दिल्याबद्दल मालकाला किंवा एजंटला द्यायचे म्हणून पगारातून पैसे कापायला आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात सरळ मनाई आहे, तरीही हे चालतं, फार चीड येते.

आणि पासपोर्ट. 'सांभाळून ठेवतो' म्हणून कोणी मागितला तरी देऊ नका, आधीच दिला असेल तर मेसेज करून परत मागा म्हणजे लेखी पुरावा राहतो. कागदपत्रं अडकवून ठेवणं ही आयएलओने सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणांपैकी एक आहे. तरी नाहीच दिला तर एकट्याने भांडत बसू नका, ते मेसेज घेऊन युनियन, लेबर ऑफिस किंवा आपल्या दूतावासाकडे जा.