कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करताना या चुका टाळा

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. आतड्यात मळ राहिला तर दुर्बिणीला मळच दिसतो, त्याखालचा लहानसा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ) दिसत नाही. मग तपासणी पुन्हा, खर्च पुन्हा आणि पोट साफ करायला पाण्यात पावडर मिसळून प्यायचं ते दोन लिटर औषधही पुन्हा. आपल्या खानदेशात ही तयारी बहुधा दोन ठिकाणी बिघडते: ताटात आणि एसटीत.

आधीचे दोन-तीन दिवस चोथा आणि बिया बंद करा. भरताच्या वांग्यातल्या, टोमॅटोतल्या, पेरूतल्या बारीक बिया पचत नाहीत. त्या आतड्याच्या वळणांत अडकून बसतात, शिवाय दुर्बिणीची पाणी ओढायची नळी तुंबवतात. कळण्याच्या भाकरीत उडदाची सालं असतात, तीही नको. 'नुसता शेवभाजीचा रस्सा घेतो' असं म्हणू नका, त्यात सुकं खोबरं वाटलेलं असतं. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, दही, सोललेला उकडलेला बटाटा चालतो. इसबगोल पोट साफ करेल म्हणून घेतलं जातं, पण तोही चोथाच, तो थांबवा.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ घ्या: गाळलेलं लिंबूपाणी, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळी सरबतं नकोत, आत ती रक्तासारखी दिसतात.

आता एसटी. औषध बहुधा दोन भागांत असतं: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. माझ्या मते सगळ्यात जपायचा तो हा दुसरा भाग. रात्रीतून लहान आतड्यातला पित्ताचा चिकट द्रव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सायीसारखा थर धरतो, तो यानेच धुऊन निघतो. शहाद्याहून, चोपड्याहून पहाटेची गाडी पकडायची म्हणून लोक नेमका हाच भाग सोडतात, नाहीतर सगळं रात्रीच पिऊन टाकतात. बाहेरगावाहून येणार हे तारीख घेतानाच सांगा आणि उशिराची वेळ मागा. नाहीतर आदल्या रात्री दवाखान्याजवळ, संडास हाताशी असेल अशा ठिकाणी मुक्काम करा. शेवटचा घोट भुलीच्या किमान दोन तास आधी. दवाखान्याने जास्त वेळ सांगितला असेल तर तोच पाळा.

मळमळलं तर अर्धा तास थांबा, मग थंड करून थोडं थोडं प्या. उलट्या थांबतच नसतील किंवा पोट फुगून दुखत असेल तर लगेच फोन करा.

'पाच वेळा जाऊन आलो, झालं साफ' असं नसतं, रंग बघा. पिवळसर, निवळ पाणी यायला हवं. गढूळ, तपकिरी किंवा कण असलेलं येत असेल तर निघण्याआधी दवाखान्याला कळवा. लाजू नका, त्यावर उपाय असतो.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या यांचं काय करायचं ते मात्र स्वतः ठरवू नका. डॉक्टरांकडून लिहून घ्या. किडनीचा त्रास असेल तर लिहून दिलेल्या पावडरऐवजी दुकानातून दुसरं जुलाबाचं औषध आणू नका. फॉस्फेटची औषधं अशा माणसाला घातक ठरू शकतात.