कळपात नवं डुकराचं पिल्लू सोडताय? या चुका टाळा

"भाऊ, काल पिल्लू आनलं, आज कान फाटला, काय लावू?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. मी आधी विचारतो, कळपात कधी सोडलं? उत्तर ठरलेलं: "आनलं तसंच सोडलं." मग मी जखम धुवायला सांगतो, अळ्या पडू नयेत म्हणून माशा पळवणारं मलम सांगतो, आणि फोन ठेवल्यावर दोन शिव्या घालतो.

डुकरं भांडणारच. नवं जनावर आलं की वरचढ कोण हे ठरेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. पहिले दोन दिवस जोराचे, मग बहुतेक वेळा आठवड्याच्या आत सगळं थंड होतं. ते भांडण तुम्ही टाळू शकत नाही. ते बरोबरीचं व्हावं आणि लवकर संपावं, एवढंच आपल्या हातात असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकटं पिल्लू आणणं आणि तेही चाऱ्याच्या वेळी सोडणं. ही मी स्वतः केलेली आहे. पहिलंच वर्ष, मे महिना. माझ्याकडे पस्तीसेक किलोची सात जनावरं होती. बाजारातून बारा किलोचं एक पिल्लू बोरीत घालून मोटारसायकलवर आणलं आणि सकाळी भरडा टाकतानाच आत सोडलं. डोकं असं चालवलं, की सगळी खाण्यात गुंग असतील, लक्ष जाणार नाही. अहो, गव्हाणीवरच तर खरी मारामारी असते! मी वखरणीला निघून गेलो. दोन वाजता आलो तेव्हा वर टीन तापलेलं आणि पिल्लू पाण्याच्या टाकीमागच्या सांदीत आडवं पडलेलं, तोंड उघडं, भात्यासारखं पोट हलतंय, दोन्ही कानांच्या चिंध्या. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, पळून पळून ते आतून भाजून निघतं. ओलं गोणपाट टाकलं, पायांवर पाणी सोडत राहिलो. संध्याकाळपर्यंत गेलं. शेजारचे काका येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, "पाहुन्याले भरल्या पंगतीत घुसवलं तू, अन् ताट एकच."

तेव्हापासून मी दोनच्या खाली पिल्लं आणत नाही, जमलं तर एकाच वेताची. मार वाटला जातो आणि रात्री टेकायला ओळखीची पाठ असते. वजनात फार फरक असेल तर थांबतो, पिल्लं वाढू देतो. सोडायचं ते दिवस मावळल्यावर, जुन्यांची पोटं टम्म भरलेली असताना, आणि शक्यतो धुऊन काढलेल्या अशा वाड्यात जो कोणाचाच नाही. खाली ताजं कुटार, खाद्य एका गव्हाणीत न देता लांबवर फेकलेलं, पाणी दोन ठिकाणी. एका कोपऱ्यात मी लोखंडी पाइप आडवे-उभे बांधून जेमतेम वीतभर फट ठेवतो. लहान आत शिरतं, मोठ्याचं डोकं अडकतं. त्यावर तुराट्यांची ताटी, म्हणजे आतलं बाहेरच्याला दिसत नाही. नजरेआड झालं की निम्मा राग उतरतो.

दुसरी चूक भांडणाच्याही आधीची आहे, म्हणून ती कोणाला चूक वाटतच नाही. नवं जनावर तीस दिवस वेगळं ठेवायचं असतं. "दहा दिवस ठेवलं, ठणठणीत होतं" याला काही अर्थ नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा साथीचा रोग भारतात 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. त्यावर औषध नाही, आणि विषाणू शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन आठवडेही लागू शकतात. एका पिल्लाच्या घाईत अख्खा वाडा रिकामा होतो. वेगळं म्हणजे खरंच वेगळं: बादली, झाडू, बूट सगळं निराळं, आणि आधी जुन्यांचं करून मग नव्यांकडे जायचं. त्याच महिन्यात जंताचं औषध, खरुजेचा इलाज आणि स्वाइन फीवरची लस डॉक्टरांकडून उरकून घ्या. ही लस जुन्या स्वाइन फीवरची, आफ्रिकनची नव्हे. नाव सारखं म्हणून लोक निर्धास्त होतात. महिना झाला की आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा, नाकाला नाक लागू द्या. "एवढे दिवस त्याले वेगळं चारू?" होय, चारा. परवडत नसेल तर आणू नका.

डिझेल किंवा रॉकेल चोपडून वास मारायची युक्ती कोणी शिकवली असेल तर विसरा, कातडी भाजते. लहान पिल्लं असलेल्या मादीच्या वाड्यात परकं पिल्लू कधीच नाही. भर उन्हाळ्यात मिसळणं नाहीच. भांडणात हात घालू नका, मध्ये प्लायचा तुकडा सरकवा. हॉटेलचं उरलंसुरलं न उकळता देणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

तिसऱ्या दिवशीही एकच जनावर पिल्लांच्या मागे लागलेलं असेल, तर लोक पिल्लाला बाहेर काढतात. मी उलट करतो. त्या दादालाच दोन दिवस बाहेर बांधतो. पिल्लू काढलं तर परत पहिल्यापासून सुरुवात. दादा परत येतो तेव्हा जरा नरमलेला असतो. पिल्लाने खाणं सोडलं किंवा खोल जखम झाली तर मात्र त्यालाच काढा आणि डॉक्टर गाठा.

जमलं की नाही ते मी दिवसा बघत नाही. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन जातो. थंडीचे दिवस असले तर सगळी एकमेकांवर रचून झोपलेली असतात. नवी पिल्लं त्या ढिगात दिसली, की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली ताटी सोडून चुलीला लावतो.