कापसाचा सौदा कॉन्फरन्स कॉलवर करताय? या चुका टाळा

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक राळेगाव तालुक्यातल्या वेगवेगळ्या गावांत राहतात आणि खरेदीदार असतो हिंगणघाटला. ऐन वेचणीत बैठकीसाठी अख्खा दिवस मोडणं कोणालाच परवडत नाही, म्हणून भाव फोनवरच ठरतो.

सगळ्यात महागात पडते ती आकड्याची चूक. एकदा आमचे एक संचालक "दोनशे" म्हणाले. त्यांच्या मनात क्विंटल कापूस होता, खरेदीदाराने रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, दोनशे गाठी लिहून घेतल्या. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते आणि गाठ 170 किलोची. म्हणजे दोनशे क्विंटलच्या होतात जेमतेम 40 गाठी! त्यात रुईचा भाव खंडीवर, म्हणजे 356 किलोवर बोलतात आणि कापसाचा क्विंटलवर. म्हणून आता नुसता आकडा कोणी बोलत नाही. कापूस की रुई, क्विंटल, गाठ की खंडी, हे सोबत सांगावंच लागतं. आवाज कटत असेल तर एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. "पाच नऊ, एकोणसाठ" असं फोडून सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

दुसरी चूक वेळेची. संध्याकाळी सातला कॉल ठेवला की आमच्या ताई स्वयंपाकात असतात. साडेआठ बरं पडतं, पण त्या आठवड्यात शेतीच्या फिडरला रात्रीची लाईन (म्हणजे शेतपंपांची वीज रात्रीच) असेल तर अर्धे जण हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले. आधी विचारून घ्या.

आवाज घुमत असेल तर बहुतेक वेळा एकाच खोलीत दोन फोन स्पीकरवर असतात. एकच चालू ठेवा, बाकीच्यांनी त्याच्याभोवती बसावं. साध्या कॉलमध्ये बहुतेक फोनवर तुम्ही धरून सहाच जण जोडता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 32 येतात, पण इंटरनेट लागतं. झूम फुकट वापरत असाल तर 40 मिनिटांनी कॉल बंद होतो, म्हणून भावाचा विषय आधी घ्या.

आणि कोणी गप्प राहिलं म्हणजे त्याचा होकार धरू नका. "भाऊ, आवाज कटून राहिला होता, मले काहीच ऐकू आलं नाही," हे दुसऱ्या दिवशी ऐकताना फार वाईट वाटतं, कारण माल त्याचाही असतो. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. मध्येच कोणाचा कॉल तुटला तर त्याला परत जोडेपर्यंत भाव पक्का करू नका.

कॉल संपल्याबरोबर ठरलेला भाव, वजन आणि गाडी भरायची तारीख ग्रुपवर लिहून टाका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना त्याच रात्री फोन लावून तेच शब्द वाचून दाखवा.