नदीकाठची जुनी पांढर कशी ओळखायची

आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढर. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या मुरल्या की माती पांढुरकी होते. पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती हुडकायची तर हाच रंग धरायचा.

नांगरट झाल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात निघा. मी पैठण तालुक्यात गोदाकाठानं फिरतो. इथल्या आपेगावात, माउलींच्या गावात, जोर्वे संस्कृतीची, म्हणजे अशाच जुन्या शेतकऱ्यांची, वस्ती उत्खननात सापडलीय. ही संस्कृती इ.स.पू. १४००च्या सुमाराची.

आधी पाणी बघा. पुरात न बुडणारा उंचवटा, घागर आणायला जवळ, वैशाखातही न आटणारा डोह आणि पाठीशी काळी. खुद्द काळीत घर कोण बांधील? पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, वरच्या अंगाला मात्र जुना काठच पाण्याखाली गेलाय, तिथं पाय झिजवू नका.

मग खाली बघा. तांबूस-केशरी खापर, त्यावर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली की खणकन वाजतं. जोडीला गारेची बारीक पाती, दोन्ही कडा समांतर. भाजलेल्या मातीचं ढेकूळ मिळालं तर उलटं करा. कुडाच्या काड्यांचे वळ दिसतील.

गढीला फसू नका. मी एका टेकाडाला दोन वर्षं ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे तांब्या-दगडाच्या हत्यारांच्या या जोर्वे काळातलं, म्हणत होतो, मग तिथं चिलमीचं तोंड सापडलं. तंबाखू तर पोर्तुगीजांबरोबर आली!

गावाची मांडणी समजायला घोडनदीकाठचं इनामगाव डोळ्यांपुढं ठेवा. ते पुणे जिल्ह्यात, पण खणलंय नीट. मधोमध पाच खोल्यांचं घर, मुख्याचं असावं, शेजारी धान्याचं कोठार. कारागीर पश्चिमेच्या कडेला. पुराला बांध, पाण्याला पाट. मेलेलं लेकरू दोन रांजणांची तोंडं जुळवून घरातच जमिनीखाली पुरायचे. इ.स.पू. १०००नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या.

खणायचं नाही. खापर बघा, फोटो काढा, होतं तिथंच ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. मीही धुतल्या तांदळाचा नाही. आमच्या माळवदावर दरसाल मिरगाआधी पांढरी माती पडायची, दोन बैलगाड्या. ती ज्या टेकाडाची, ते आता निम्मंच उरलंय.