आधी आकडा लिहा, मग बूट घाला

व्यायामाची इच्छा मला नेहमीच होती. तीनदा चालायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात बूट कपाटात गेले. चौथ्या खेपेला गुडघा तपासता तपासता फिजिओथेरपिस्टने विचारलं, "रोज अर्धा तास चालाल याची तुमची तुम्हाला किती खात्री आहे? शून्य ते शंभर, आकडा सांगा."

मी म्हणाले, "चाळीस."

"मग चाळीसवाला बेत करताच कशाला?"

या खात्रीला मानसशास्त्रात सेल्फ-एफिकसी म्हणतात. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ही कल्पना मांडली. 'मी भारी आहे' असं वाटणं वेगळं आणि 'हे एवढं काम, या अडचणीतही, मला जमेल' असं वाटणं वेगळं. व्यायाम टिकतो तो या दुसऱ्यावर.

तर वही घ्या. डावीकडे अडचणी लिहा, स्वतःच्याच, खऱ्याखुऱ्या. माझ्या अशा होत्या: दमून घरी आल्यावर, पाऊस असताना, पाहुणे आलेले असताना, दोन दिवस खंड पडल्यावर. प्रत्येकीपुढे खात्रीचा आकडा टाका. माझे अनुक्रमे पन्नास, तीस, वीस आणि दहा आले. त्या दहाने माझे डोळे उघडले. मला चालणं जमत होतं, खंडानंतर परत सुरू करणं जमत नव्हतं. तीन वर्षं मी भलत्याच ठिकाणी जोर लावत होते.

आता बेत इतका छाटा की बहुतेक ओळींपुढे सत्तर तरी येईल. माझा अर्धा तास छाटून छाटून दहा मिनिटांवर आला. पाऊस असला तर जिन्यात, पाहुणे असले तर ते झोपल्यावर. लाज वाटली, खोटं कशाला बोलू! पण खात्री वाढवणारी सगळ्यात दमदार गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष जमल्याचा अनुभव, आणि दहा मिनिटं मला रोज जमत होती. दोन आठवडे सलग जमल्यावरच पाच मिनिटं वाढवा. वहीत वजन लिहू नका, ते मनाला येईल तसं वरखाली होतं. जे केलं तेवढंच लिहा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मला 150 गाठायला सात महिने लागले.

बघायचंच असेल तर आपल्यासारख्याला बघा. मॅरेथॉनवाल्यांचे व्हिडिओ पाहून मी फक्त खचत असे. शेजारच्या, माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच धापा टाकणाऱ्या बाईंना चढ चढताना पाहिलं आणि वाटलं, या चढतात तर मीही चढेन.

घरच्यांचं काय? माझा नवरा मी बूट घातले की "जपून हं" म्हणायचा. प्रेमानेच, पण त्याने माझा आकडा दहाने उतरायचा. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक प्रयोग आहे, बांडुराही त्यात होते. हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले पुरुष ट्रेडमिलवर चालले. त्यांच्यापैकी काहींच्या बायकांनी ते नुसतं पाहिलं, काहींच्या बायकांना त्याच वेगाने तीन मिनिटं स्वतः चालायला लावलं. नवऱ्याचं हृदय किती झेपवू शकतं याबद्दलचा विश्वास वाढला तो स्वतः चाललेल्या बायकांचा. मीही नवऱ्याला एकदा माझ्या पूर्ण फेरीला नेलं. परतल्यावर तोच घामाघूम. 'जपून' त्या दिवसापासून बंद.

धडधडीचा अर्थही नीट लावायला शिका. सुरुवातीला छाती धडधडली की मला वाटे, आपल्याला झेपत नाहीये. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय, बस्स. छातीत दाब आला किंवा चक्कर आली, तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

खंडाचा बेत वेगळा ठेवा, आणि तो खंड पडायच्या आधीच लिहून ठेवा. माझा असा आहे: पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मी वेळ, भरून काढायला जादा काही नाही. त्या ओळीपुढचा आकडा आता साठ आहे. अजूनही वहीतला सगळ्यात कमी तोच.