रिस्ट स्ट्रॅप मल्टिमीटरने कसा चेक करायचा

मोबाईल रिपेरिंगला बसताना रिस्ट स्ट्रॅप (अंगातली स्टॅटिक वीज वायरने अर्थिंगला सोडणारा मनगटाचा पट्टा) घातला म्हणजे झालं असं नसतं, आतली वायर तुटलेली असली तरी बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून रोज सकाळी मीटर 20 मेगाओमच्या रेंजला लावा, एक प्रोब पट्ट्याच्या आतल्या पत्रीला, दुसरा वायरच्या क्लिपला, साधारण 1 मेगाओम दिसलं पाहिजे. मग वायर पट्ट्याला जोडायच्या बटणापाशी हलवून बघा, बहुतेक तिथेच तुटते, आकडा उड्या मारायला लागला की सरळ नवीन घ्या. आणि शून्य दाखवत असेल तर अजिबात घालू नका हं, वायरमधला तो 1 मेगाओमचा रेझिस्टर तुमच्या जिवासाठी आहे, चुकून लाइव्ह वायरला हात लागला तर करंट तोच अडवतो. क्लिप चांगल्या अर्थिंगलाच लावा.