अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी निदर्शनात कुठे उभे राहावे आणि कुठून मागे फिरावे

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांतून आता दर वर्षी काही मुलेमुली एम. एस. करायला अमेरिकेत जातात. त्यासाठी कुणाच्या वडिलांनी वावर गहाण ठेवलेले असते, तर कुणी बँकेचे कर्ज काढलेले असते. माझी भाचीही अशीच गेली. मागच्या हिवाळ्यात तिने फोनवर विचारले, "मामाजी, इथं कॅम्पससमोर मुलं निदर्शनं करत आहेत. मी गेली तर चालेल का?" मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांचे खटले मी वर्षानुवर्षे चालवले आहेत. तरीही मला तिला लगेच उत्तर देता आले नाही, कारण आपल्याकडची आंदोलनाची सवय तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही. नंतर तिथले कायदे आणि निवाडे वाचून जे समजले, ते तिच्यासारख्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी इथे मांडत आहे.

पहिली गोष्ट बोलण्याची. अमेरिकी संविधानाच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने भाषणाचा, शांततेने जमण्याचा आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. तिथे घोषणा कितीही कडवट असली, तरी केवळ तेवढ्यासाठी शिक्षा होत नाही. निषेध म्हणून राष्ट्रध्वज जाळणेसुद्धा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अभिव्यक्ती म्हणून संरक्षित ठरवले. मात्र एखाद्याला खरीखुरी धमकी देणे, किंवा समोरच्या जमावाला त्याच क्षणी कायदा मोडायला चिथावणे, आणि तसे घडण्याची शक्यताही असणे, याला हे संरक्षण नाही. चिथावणीची ही कसोटी १९६९ ची आहे.

शांततेच्या निदर्शनात खरी अडचण येते ती बहुधा जागेवरून आणि वाट अडवण्यावरून. यासाठी दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत. १९६१ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्याच्या विधानभवनाच्या आवारात १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णभेदाविरुद्ध फलक घेऊन जमले. पंधरा मिनिटांत निघून जा, असे पोलिसांनी सांगितल्यावर ते गाणी म्हणत तिथेच थांबले आणि पकडले गेले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण आवार लोकांसाठी खुले होते, रहदारी अडली नव्हती आणि हिंसा झाली नव्हती. त्यानंतर फ्लोरिडातले विद्यार्थी अशाच कारणासाठी एका तुरुंगाच्या आवारात जमले. तिथल्या ३२ जणांची शिक्षा मात्र १९६६ मध्ये त्याच न्यायालयाने कायम ठेवली, कारण तुरुंगाची ती वाट सर्वसामान्यांच्या वापराची नव्हती. त्या निकालाशी सहमत नसलेले न्यायमूर्तीही होते, आणि मला त्यांचे म्हणणे अधिक पटते. पण आपल्या मुलांनी निकालाप्रमाणे वागावे.

म्हणून उभे राहायचे तर फूटपाथ, सार्वजनिक बाग किंवा चौक निवडावा. फूटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट ठेवून आणि सिग्नल पाळून चालणाऱ्या लहान गटाला बहुतेक ठिकाणी परवानगी लागत नाही. वाहनांचा रस्ता व्यापणारा मोर्चा, ध्वनिक्षेपक किंवा बागेतली मोठी सभा असेल, तर शहर परमिट मागू शकते. वेळ, जागा आणि पद्धत यांवर शहर वाजवी अटी घालू शकते, पण मोर्चाचे म्हणणे आवडले नाही म्हणून परमिट नाकारू शकत नाही. विरोधक दंगा करतील आणि बंदोबस्ताचा खर्च वाढेल, या कारणाने शुल्क वाढवणेही १९९२ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवले. आयोजकांकडे परमिट आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

रस्त्याच्या प्रश्नावर मला सेल्मा ते माँटगोमेरी या ५४ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरच्या पदयात्रेचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना पुलावर पोलिसांनी निर्दयपणे झोडपले. त्यानंतर संघीय न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी यात्रेला परवानगी दिली, पण महामार्ग जिथे दुपदरी होता, त्या टप्प्यात ३०० हून अधिक लोकांनी चालू नये, अशी अटही घातली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालच्या यात्रेने ती पाळली. रस्ता वापरण्याचा हक्क मिळाला, आणि किती माणसांनी वापरायचा हेही त्याच आदेशात ठरले. आपल्या रास्ता रोकोत गाड्या थांबवणे हेच आंदोलनाचे साधन असते, तर अमेरिकेत विनापरवाना रस्त्यात बसून रहदारी बंद पाडणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे आणि काही राज्यांनी अलीकडे त्याची शिक्षा वाढवली आहे.

विद्यापीठाबाबत एक गल्लत नेहमी होते. पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. त्यामुळे सरकारी विद्यापीठात हा हक्क मागता येतो, तर खासगी विद्यापीठात तिथले नियमच चालतात. सरकारी आवारातही तंबू ठोकून मुक्काम करणे, वर्ग बंद पाडणे किंवा इमारतीचे दार अडवणे संरक्षित नाही.

पुसदला १९३० मध्ये लोकनायक अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. तो सविनय कायदेभंग होता. अमेरिकेतही ही परंपरा आहे आणि मला तिचा आदर आहे. पण तो हक्क बजावणे नसून जाणूनबुजून शिक्षा ओढवून घेणे आहे, आणि विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने या दोहोंतला फरक मनात स्पष्ट ठेवला पाहिजे.

आपल्याकडे आंदोलकांना सकाळी ताब्यात घेतात, पोलीस ठाण्याच्या आवारात बसवतात आणि संध्याकाळी सोडून देतात, त्यामुळे अटकेचे कुणाला फारसे वाटत नाही. अमेरिकेत अटकेनंतर बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते नोंदीत राहतात. व्हिसाच्या अर्जातच आधी कधी अटक झाली आहे का, असा प्रश्न असतो. अमेरिकेत असलेल्या परदेशी माणसालाही भाषणाचे संरक्षण आहे, परंतु शिक्षा झाली नसताना नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. २०२५ मध्ये तर निदर्शनांत भाग घेतल्यावरून काही परदेशी विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि ती प्रकरणे न्यायालयात गेली. त्यामुळे कायद्याच्या आत राहूनही धोका पूर्णपणे टळत नाही, हे पालकांनीही समजून घ्यावे.

पोलिसांनी पांगण्याचा आदेश दिला, तर तो चुकीचा वाटला तरी सांगितलेल्या वाटेने लगेच निघावे. १९६१ च्या विद्यार्थ्यांना न्याय मिळायला दोन वर्षे लागली होती, आणि त्यांच्यापुढे देशाबाहेर जाण्याची टांगती तलवार नव्हती. शेजारी कुणी दगड उचलला किंवा काच फोडली, तर तिथे क्षणभरही थांबू नये. अटक झालीच तर अंग झटकू नये, पळू नये, खोटे बोलू नये. आपले नाव सांगावे, मला गप्प राहायचे आहे आणि वकील हवा आहे असे स्पष्ट म्हणावे, आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा अशी मागणी करावी. परदेशी आरोपीला तो हक्क आंतरराष्ट्रीय कराराने मिळालेला आहे.

भाचीला मी हेच सारे सांगितले, आणि ती गेली. काठीचा फलक काही शहरांत चालत नाही, म्हणून तिने खोक्याचा पुठ्ठा कापून नुसता हातात धरला. जाण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारून घेतले, नोंदणीचे कागद सोबत ठेवले, आणि फोन जप्त झाला तरी नंबर हाताशी असावा म्हणून वकिलाचा क्रमांक मनगटाच्या वर बॉलपेनने लिहून घेतला.